मधल्या इयत्तांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की चार-आठ दिवसांत आमच्या शाळांच्या फाटकांवर रंगीत फलक चढतात. वरच्या बाजूस शाळेच्या आश्रयदात्या संताचे नाव, मधोमध शेकडा शंभराचा आकडा, त्याखाली नव्वद टक्क्यांवरच्या मुलामुलींची छायाचित्रे आणि अगदी तळाशी व्यवस्थापनाचे अभिनंदन. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी या फलकाखालून जाणारा माणूस बहुधा एस. टी. स्थानकाकडे निघालेला असतो. डोक्यावर बोचके, हाताशी आठ-दहा वर्षांचे पोर. तो फलक वाचत नाही. त्यात आपल्यासाठी काही लिहिलेले नाही, हे त्याला न वाचताही कळते. आम्हांला मात्र तो वाचता येतो, आणि वाचून आमची मान खाली जाते.

हे विधान काही वाचकांना कृतघ्नपणाचे वाटेल. विदर्भात कॅथलिक शिक्षणसंस्थांची परंपरा जुनी आहे. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० सालची. गावोगावच्या धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी आपले आयुष्य वर्गाच्या चार भिंतींत झिजविले, तेव्हा कोठे आजची ही नावारूपाला आलेली शाळा उभी राहिली. आम्हीही त्याच बाकांवरून उठून आलो आहोत. म्हणूनच हा वाद घरातला आहे आणि तो घरातल्याच नियतकालिकात मांडावा असे आम्हांस वाटले.

आमचा मुद्दा असा. 'आमची शाळा विद्यार्थ्याला पुढील यशासाठी घडविते' असे जे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असते, त्यातील 'घडविते' या क्रियापदाचा हिशेब कोणी मागत नाही. साडेतीन वर्षांच्या बालकाला बालवर्गात प्रवेश देताना आई-वडिलांचे शिक्षण पाहिले जाते, बापाची मिळकत पाहिली जाते, घरी इंग्रजी बोलतात का याचा अदमास घेतला जातो. डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक, तहसील कचेरीतले अधिकारी यांच्या घरची ही मुले. त्यांना घरी पुस्तके असतात, पाचवीपासून शिकवणी असते, आजारपणात दवाखाना असतो. बारा वर्षांनंतर ही मुले नव्वद टक्के मिळवितात आणि आम्ही म्हणतो, आम्ही घडविली. निरोग्यांनाच खाटा द्यायच्या आणि सगळे चालत घरी गेले म्हणून दवाखान्याने पेढे वाटायचे, त्यातलाच हा प्रकार झाला. गाळणी उत्तम आहे यात शंका नाही. पण गाळणे वेगळे आणि घडविणे वेगळे.

शाळा खरोखर काय करते हे पाहायचे असेल तर दहावीकडे पाहू नये, पाचवी ते आठवीकडे पाहावे. आमच्या वऱ्हाडातली जुनी माणसे या टप्प्याला 'मिडल' म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजवटीत चौथीपर्यंत प्राथमिक आणि पुढे मिडल स्कूल अशी विभागणी होती, त्यातून तो शब्द घरोघर पोचला. 'मिडल पास' झालेला माणूस गावचा पत्रलेखक, सोसायटीचा सचिव, वादात साक्षीदार असे. आज सरकारी भाषेत त्याला उच्च प्राथमिक म्हणतात. नाव उच्च झाले, लक्ष मात्र सर्वांत कमी. पहिलीला कौतुक आहे, दहावीला परीक्षा आहे. मधल्या इयत्तांना दोन्ही नाही. आणि गरिबाचे मूल निसटते ते नेमके याच मधल्या इयत्तांत.

कसे निसटते ते यवतमाळ जिल्ह्यातच पाहावे. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, राळेगाव या भागात कोलामांचे पोड आहेत. पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. पोडावरच्या मुलाची घरची भाषा कोलामी, ती मराठीच्या कुळातलीही नाही. तेलुगू-गोंडीच्या घराण्यातली आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळून त्याला कशीबशी मराठी वाचायला शिकवितो. पाचवीला शाळा दुसऱ्या गावी. एकदम इतिहास, भूगोल, विज्ञान, हिंदी, इंग्रजी. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक, आणि त्यांपैकी एकालाही या मुलाचे नाव पाठ नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि वेचणीला हात लागतात. मोठी माणसे वावरात गेली की धाकट्याला सांभाळायला सातवीतली बहीण घरी राहते. महिना-दीड महिन्यानंतर ती वर्गात परतते तेव्हा अपूर्णांक संपून दशांश सुरू झालेले असतात. त्या दिवसापासून ती वर्गात असते, शिक्षणात नसते. हजेरीपटावर तिचे नाव आठवीपर्यंत राहते, एवढेच.

'असर'च्या २०१८ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीतील जेमतेम ४४ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले, अशी नोंद आहे. आमच्या फलकांवरील शंभराच्या शेजारी हा ४४ चा आकडा कोणी तरी एकदा लिहावा.

हे कौशल्य क्षुल्लक आहे असे ज्याला वाटते त्याने या जिल्ह्यातील कर्जाचा व्यवहार पाहिलेला नाही. सातवीच्या गणिताच्या पुस्तकात 'बँक व सरळ व्याज' असे प्रकरण आहे. शहरातल्या मुलाला ते गुणांसाठी असते. इथल्या मुलाच्या घरी ते प्रकरण दर जूनमध्ये चालत येते. बियाण्याला पैसे नाहीत, बँकेचे जुने कर्ज थकलेले, म्हणून बाप सावकाराकडून दिढीने दहा हजार उचलतो. माल निघाला की पंधरा हजार द्यायचे. 'दिढी' हा शब्द कानाला सौम्य लागतो. पण सहा महिन्यांत पाच हजार, म्हणजे वर्षाला शेकडा शंभर व्याज, एवढे गणित सातवीतल्या मुलीला कागदावर मांडून बापाला दाखविता आले, तर त्या शाळेने काही तरी घडविले असे आम्ही म्हणू. बाप तरीही कर्ज काढील. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसेल. पण आपण काय करतो आहोत हे त्या घरात एकाला तरी ठाऊक असेल.

दुसरे उदाहरण याहून जिव्हारी लागणारे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, अंगात साधा सदरा, तोंडाला बांधायला फडकेही नाही. कारणे अनेक होती आणि जबाबदार माणसेही अनेक होती. ती जबाबदारी अडाणीपणावर ढकलून मोकळे होणारे आम्ही नव्हे. तरीही हा प्रश्न आम्हांला सोडीत नाही की त्या डब्यांवरच्या त्रिकोणाचा लाल रंग सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, हे त्या घरांतल्या किती शाळकरी मुलांना शिकविले गेले होते? विज्ञानाच्या तासाला कोणत्या शिक्षकाने रिकामा डबा वर्गात आणून त्यावरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घेतली? 'यशाची तयारी' या शब्दांचा अर्थ या जिल्ह्यात काही वेळा जिवंत घरी परतणे एवढाच असतो.

आता कोणी म्हणेल, ही मुले आमच्या शाळांत नाहीतच, मग त्यांच्या नापासाचे खापर आमच्या माथी का? ही मुले आमच्या शाळांत नाहीत, हाच तर आमचा आरोप आहे.

२००६ च्या जुलैत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. वर्धा सोडला तर उरलेले पाचही जिल्हे म्हणजेच १९५५ साली स्थापन झालेला आमचा अमरावती धर्मप्रांत. या आत्महत्या आमच्या धर्मप्रांताच्या कोणत्या कोपऱ्यात नव्हे, साऱ्या धर्मप्रांतभर झाल्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरले. निमंत्रणावरून बराच गदारोळ झाल्यावर त्याचे उद्‌घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी-विधवेच्या हस्ते झाले, आणि तेवढ्यापुरते साऱ्या मराठी विश्वाचे लक्ष अशा घरांकडे गेले. अशा घरांतील मुलांसाठी आमच्या किती शाळांनी पाचवीच्या वर्गात, न मागता, एक बाक राखून ठेवला?

बाक राखणे दूरच, असलेला काढून घेण्याची एक रीत आम्ही पाहिली आहे. ती आमच्याच संस्थांत आहे असे नाही. पण आमच्या संस्थांत ती असावी हेच वाईट. नववीत मागे पडलेल्या मुलाच्या पालकास बोलावून घेतात. खुर्ची देतात, चहाही देतात. मग सांगतात की याला इथे झेपणार नाही, दाखला घेऊन जा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. पालक उठतात, आभार मानून जातात. शंभर टक्क्यांच्या निकालाला अशा दोन-चार मुलांचा आधार असतो. त्यांची छायाचित्रे फलकावर नसतात. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची प्रतिमा ज्या शाळेच्या प्रवेशद्वारी आहे, तीच शाळा एकाला बाहेर काढून नव्व्याण्णवांची छायाचित्रे छापते, यातली विसंगती धर्मशिक्षणाच्या तासाला एखाद्या चौकस मुलाने विचारली तर शिक्षकांनी काय उत्तर द्यावे?

हे नेहमीच असे नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जर्मन जेझुइटांनी आणि वैजापूर तालुक्यात घोगरगावी फ्रान्सालियन धर्मगुरूंनी जी बोर्डिंगे चालविली, त्यांतून दलित ख्रिस्ती समाजाची पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली. शिक्षक, परिचारिका, कारकून, पुढे प्राध्यापक आणि लेखक. बोर्डिंगातले जीवन काही सुखाचे नव्हते. सतरंजीवर झोप, ज्वारीची भाकर, पातळ वरण, पहाटेची घंटा, आपले कपडे आपण धुणे, संध्याकाळी कंदिलाभोवती दोन तास सक्तीचा अभ्यास. छडीही होती, आणि तिच्याविषयी गोड आठवणी सांगणाऱ्यांत आम्ही नाही; मुलाला मारणे तेव्हाही चूक होते, २००९ च्या कायद्याने त्याला मनाई केली एवढेच. पण त्या बोर्डिंगाने एक गोष्ट केली. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ऐन सुगीत शेताच्या बांधावरून उचलून चार वर्षे पुस्तकाजवळ बसविले. कोणाचा मुलगा, कोणत्या वस्तीतला, फी किती, हे विचारले नाही. चाळणी न लावता घेतले आणि मग घडविले. ती खरी मधल्या इयत्तांची शाळा होती. 'मिशनची शाळा' या शब्दाला खेड्यापाड्यांत जो मान आहे तो त्या कमाईवर आहे. इंग्रजी माध्यमाच्या तीन मजली इमारती ती कमाई खर्च करीत आहेत.

इथे थोडे विषयांतर. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास गेली. तिच्या जाण्याला तिची कारणे असतील. पण यवतमाळातून पुण्याला जाणे म्हणजे यश, ही समजूत केवळ विद्यार्थ्यांची नाही हे यावरून ध्यानात यावे.

कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेविल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि २०१४ च्या 'प्रमति' निकालात सर्वच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर ठेविले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याचा मार्ग धरला. आमचे पुढारी आता चिंतेत आहेत. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा जो हक्क दिला तो अनमोल आहे, आणि त्यासाठी न्यायालयात लढावे लागले तर आम्ही सोबत असू. पण तो हक्क कशासाठी वापरला याचा जाब न्यायालयाने विचारण्यापूर्वी आपणच स्वतःला विचारलेला बरा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला की अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी नऊ टक्केही नाहीत. त्या अहवालाच्या हेतूविषयी कोणास संशय असेल तर असो. आमच्याकडे आमचे वेगळे आकडे आहेत काय? असतील तर ते छापण्यास आम्ही संकोच का करतो?

आणि हे काही बाहेरच्यांनी लादलेले तत्त्वज्ञान नाही. रोमच्या शिक्षणविषयक धर्मपीठाने १९७७ मध्ये कॅथलिक शाळेवर जे निवेदन काढले, त्यात श्रीमंत वर्गाकडेच लक्ष देणारी शाळा अन्याय्य समाजरचना टिकविण्यास हातभार लावते, अशा आशयाचा इशारा आहे. भारतीय महागुरूंच्या परिषदेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या शिक्षणधोरणातही गरिबांना अग्रक्रम आहे. कागद आमचेच आहेत, कपाटे आमचीच आहेत, किल्ल्याही आमच्याच आहेत.

व्यवस्थापनाची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नाही. फी नसेल तर शिक्षकांचे पगार कोठून द्यायचे? अनुदान वेळेवर येत नाही. परदेशातून येणारी मदत आटली. इंग्रजी माध्यम बंद केले तर मुले दुसरीकडे जातील आणि शाळाच उरणार नाही. यांतील प्रत्येक वाक्य खरे आहे. इंग्रजीला आमचा विरोधही नाही. पोडावरच्या बापालाही आपल्या मुलाला इंग्रजी यावे असे वाटते आणि त्याला 'मातृभाषेचे महत्त्व' ऐकवण्याचा अधिकार ज्यांची स्वतःची मुले कॉन्व्हेंटात आहेत त्यांना नाही. आमचे मागणे एवढेच की पाचवीला एक नवी तुकडी असावी. चौथी पास झालेली, पोड, तांडा, बेडा आणि कोरडवाहू गावांतली मुले तिच्यात प्रवेशपरीक्षेशिवाय घ्यावीत. सुरुवातीची दोन वर्षे मराठीतून शिकवून इंग्रजी हळूहळू वाढवावी. वेचणीच्या हंगामात झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण द्यावे, म्हणजे मूल वावराऐवजी वर्गात राहील. कोलामी किंवा गोरमाटी जाणणारा एक तरी शिक्षक नेमावा. नव्या सभागृहाला, संगमरवरी ग्रोटोला आणि रौप्यमहोत्सवी कमानीला देणगीदार मिळतात. तीस मुलांच्या अन्नाला मिळणार नाहीत असे मानणे आमच्या प्रापंचिकांवर अन्याय करण्यासारखे आहे. त्यांना कोणी मागितलेच नाही.

दुसऱ्या बाजूनेही दगड येतील हे आम्ही जाणतो. आदिवासी मुले घेतली की धर्मांतराची ओरड होणार. तिला उत्तर सोपे आहे. दीडशेहून अधिक वर्षे विदर्भात मिशनच्या शाळा चालल्या, लाखोंनी त्यांत शिक्षण घेतले, आणि आजही या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज मूठभरच आहे. धर्म वाढविण्यासाठी शाळा काढल्या असतील तर याहून अपयशी उद्योग सापडणार नाही. पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणास बसविता येत नाही, हे घटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदात आहे आणि ते आम्हांस मनापासून मान्य आहे. मग श्रद्धेचा शाळेशी संबंध काय, असे कोणी विचारील. परिपाठातली प्रार्थना हा तो संबंध नव्हे. प्रार्थना जिल्हा परिषदेच्या शाळेतही होते. मागे पडलेल्या मुलासाठी शाळा सुटल्यावर कोण थांबते, यात तो संबंध दिसतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण रोजंदारी दिली. पाचवीला उशिरा आलेले पोडावरचे मूल हा तो मजूर आहे. सकाळपासून राबलेल्यांनी कुरकुर केली होती, तशी आमच्या पालक-शिक्षक संघातही होईल.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी आम्ही अमरावती धर्मप्रांतातील आमच्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे तीन प्रश्न पाठवीत आहोत. गेल्या वर्षी पाचवी ते आठवीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली किती मुले घेतली? त्यांपैकी किती पूर्ण फी भरत नाहीत? आणि नववीत दाखला देऊन किती मुलांना बाहेर पाठविले? आलेली उत्तरे पुढील अंकी जशीच्या तशी छापू. ज्यांची येणार नाहीत त्यांच्यासाठी पानावर तेवढी जागा कोरी सोडू.